रानपिंगळ्याच्या रानात खड्डे खणू नका

प्रति,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळाचे सर्व सदस्य,
तसेच सातपुड्यातल्या वनविभागांच्या कार्य आयोजना तयार करणारे आणि मंजूर करणारे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात रोपवनाचे खड्डे घेण्याचं काम निघतं. जागा निवडण्याचा हिशेब सरळ असतो. जिथे झाडं दाट आहेत तिथे हात लावायचा नाही आणि जिथे मोकळं दिसतंय तिथे खड्डे घ्यायचे. हे ऐकायला इतकं रास्त वाटतं की त्याला हरकत घेणारा माणूसच जंगलाचा वैरी ठरावा. तरीही मी हरकत घेतो आहे, आणि ती चारचौघांत घेतो आहे. तुमच्या कागदांवर ज्या जंगलापुढे 'विरळ' किंवा 'निकृष्ट' असा शेरा पडतो, नेमक्या तशाच जंगलात रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड राहतं. मध्य आणि पश्चिम भारतातले थोडे डोंगर सोडले, तर जगात दुसरीकडे कुठेही हा पक्षी नाही.

पूर्ण वाढ झालेले रानपिंगळे जगात २५० ते ९९९ एवढेच असावेत, असा पक्षीतज्ज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडे नंदुरबारमधलं तोरणमाळ, जळगावातलं यावल, अमरावतीतला मेळघाट आणि दहाएक वर्षांपूर्वी कळलेलं मुंबईजवळचं तानसा ही त्याची ठळक ठिकाणं. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात खंडवा-बऱ्हाणपूरचा पट्टा आणि गुजरातेत डांगमधलं पूर्णा अभयारण्य. २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, म्हणजे 'संकटग्रस्त' वर्गात आणलं गेलं. त्याचा आनंद मानायला हरकत नाही, पण तो का आणला ते लक्षात ठेवलेलं बरं. पक्षी वाढले नाहीत. शोधणारे वाढले, नव्या जागा सापडल्या, म्हणून आकडा सुधारला.

मंडळावर सगळेच पक्षी जाणणारे नसतात, असायलाही नकोत. म्हणून आधी थोडी ओळख करून देतो.

गावातला साधा पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत, कधी शाळेच्या कौलांखालीही तो राहतो, दिवेलागणीला बाहेर येऊन तारेवर बसतो आणि कर्कश कलकलाट करतो. रानपिंगळा दिसायला त्याचाच भाऊबंद, पण सवयी पार वेगळ्या. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नसतात, छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंखांवर आणि शेपटीवर ठळक आडवे पट्टे. मान आखूड, डोकं मोठं, पायांवर भरगच्च पांढरी पिसं, एकूण अंगलट दणकट. उंची म्हणाल तर वीतभर. आणि मुख्य म्हणजे हे घुबड दिवसा शिकार करतं.

सकाळचं ऊन चांगलं वर आलेलं असतं. पानगळीनंतरच्या सागाच्या एखाद्या निष्पर्ण फांदीवर, अगदी उघड्यावर, तो ऊन खात बसलेला असतो. लपण्याची काही खटपट नाही. मग शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकतो. मी पाहिलं तेव्हा तो झटका इतका लयीत होता की त्याच्याकडेच बघत राहिलो आणि नजर खालच्या पाचोळ्यावर गेलीच नाही. त्याची मात्र तिथेच होती. तो सरळ खाली पडल्यासारखा झेपावला, पाचोळा उडाला, आणि परत त्याच फांदीवर येऊन बसला तेव्हा चोचीत एक सापसुरळी वळवळत होती. तिचं डोकं आधी ठेचून मगच त्यानं ती गिळली.

ह्या एका शिकारीत त्याच्या सगळ्या गरजा दिसतात. बसायला उंच, उघडी फांदी हवी. खाली नजर पोहोचेल अशी मोकळी जमीन हवी. त्या जमिनीवर पाचोळा, दगड, वाळकं गवत हवं, कारण त्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त वाटा सापसुरळ्या आणि पाली-सरड्यांचा असतो. बाकी उंदीर, नाकतोडे, बेडूक, क्वचित एखादा लहान पक्षी. आणि अंडी घालायला जुन्या झाडातली ढोली हवी, जमिनीपासून पाच ते आठ मीटर उंचीवर. ही ढोली तो स्वतः कोरत नाही. सुतार पक्ष्यानं कोरून सोडलेली किंवा फांदी कुजून आपसूक झालेली पोकळी त्याला लागते. तिच्यावर पोपट, साळुंकी, खार यांचाही डोळा असतोच.

आता हा पक्षी हरवला कसा आणि सापडला कसा, ते थोडं सविस्तर सांगतो. तो इतिहास खानदेशाचा आहे आणि आजच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे.

१८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात हे घुबड मिळालं. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूमनं (काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच) त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. त्यानंतर आपल्या खानदेशात नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसननं १८८० ते १८८४ या काळात आणखी काही नमुने जमवले. सगळे मिळून सात. आणि १८८४ नंतर काहीच नाही. पक्षी जणू पुसला गेला.

मध्ये एकच नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या ब्रिटिश कर्नलनं १९१४ मध्ये गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीजवळ रानपिंगळा मारल्याचं सांगितलं होतं. नमुन्याला तशी चिठ्ठीही बांधलेली होती. साहजिकच पुढच्या पिढ्यांनी त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवला. सत्तरच्या दशकात सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी शोध घेतला, हाती काही आलं नाही. 'नामशेष झाला असावा' असं लोक बोलू लागले.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी जुने नमुने बारकाईनं तपासले आणि उलगडा झाला. १९१४ चा नमुना मुळात डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेला होता. कर्नलसाहेबांनी तो ब्रिटिश संग्रहालयातून उचलला, पुन्हा भरला आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधली. मांडवीची नोंद बाद झाली, उरल्या फक्त एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट तिघेही पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळून शेवटी खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा त्यांच्यासमोर उघड्या फांदीवर बसलेला होता. ११३ वर्षांनी! जिथे डेव्हिडसनला मिळाला होता, जवळजवळ तिथेच.

आपल्या माणसांना तो माहीत नव्हता असं मला वाटत नाही. सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, कोरकू गुराख्यांनी दिवसाढवळ्या बसणारं हे घुबड पाहिलेलं असणारच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

एका खोट्या चिठ्ठीनं तब्बल ८० वर्षं जाणत्यांची दिशाभूल केली. मंडळापुढे माझं म्हणणं असं आहे की आज तशीच एक चुकीची चिठ्ठी त्या पक्ष्याच्या जंगलाला बांधली जाते आहे, आणि ती बांधणाऱ्याचा हेतू अजिबात वाईट नाही.

देशाच्या वनस्थिती अहवालात जंगलाचे वर्ग छत्राच्या दाटीवरून पाडतात. ७० टक्क्यांहून जास्त आच्छादन ते अतिघन, ४० ते ७० टक्के मध्यम घन, १० ते ४० टक्के विरळ, त्याखाली खुरटं. मोजमाप म्हणून यात वावगं काही नाही. घोटाळा पुढे होतो. हळूहळू ही मापाची पट्टी गुणवत्तेची पट्टी बनते. विरळ म्हणजे बिघडलेलं आणि घन म्हणजे सुधारलेलं, असं गृहीत धरलं जातं, आणि मग विरळाचं घन करणं हेच वनखात्याचं यश ठरतं. कोकणातल्या किंवा आंबोलीच्या जंगलाला हे लागू पडेलही. पण तोरणमाळच्या उताराचा, यावलच्या दऱ्यांचा किंवा मेळघाटच्या उन्हाळी उतरणींचा सागवानी रानवा पूर्वीपासूनच मोकळा-ढाकळा आहे. साग, सालई, धावडा, ऐन, मध्ये गवत, मध्ये उघडे कातळ. उन्हाळ्यात पानं झडली की आभाळ जमिनीला टेकतं. त्याला कुणी तसं केलेलं नाही, तिथला पाऊस आणि माती यांनी तसं घडवलंय.

माणसानं बिघडवलेली विरळ जंगलं आहेतच. बुंध्यापासून तोडलेली, खुंट उरलेली, दरसाल जळणारी, गुरांनी रगडलेली. तिथे रानपिंगळाही टिकत नाही. पण उपग्रहाच्या चित्रात ही दोन्ही जंगलं सारखीच दिसतात. फरक जाणायचा तर पायी फिरावं लागतं आणि जुनी झाडं मोजावी लागतात. तुमचे वनरक्षक रोज फिरतातच. त्यांच्या हातातल्या नमुन्यात जुन्या, पोकळ झाडांसाठी एक रकाना असावा, एवढी साधी मागणी आहे.

आता या विरळ जंगलावर पैसा किती बाजूंनी येतो ते पाहा. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्यानं वृक्षलागवडीची मोठी मोहीम राबवली. २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य होतं. एवढी रोपं लावायला जागा हवी आणि ती वनखात्याकडे 'मोकळ्या' जंगलातच असते. दुसरीकडे कॅम्पाचा, म्हणजे भरपाई वनीकरणाचा, निधी. कुठे खाण झाली, कुठे महामार्ग झाला, की त्याच्या भरपाईचं वनीकरण बहुतेक निकृष्ट वनजमिनीवर दाखवलं जातं. आणि २०२३ मध्ये केंद्रानं ग्रीन क्रेडिट योजना आणली. तिच्यात निकृष्ट वनजमिनीवर, म्हणजे खुल्या आणि खुरट्या जंगलांतही, झाडं लावून कंपन्यांना क्रेडिट, म्हणजे पर्यावरणाच्या कामाबद्दलचे गुण, मिळवता येतं. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत तर हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. सागाच्या ज्या मोकळ्या रानात रानपिंगळा राहतो, तिथे हेक्टरी अकराशे झाडं म्हणजे काय, याचं चित्र कुणीही डोळ्यांपुढे आणावं. पक्ष्याला वरून खाली दिसणारच नाही.

खड्ड्यांचं वेळापत्रकही पाहा. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते. ढोलीत पिल्लं असतात त्याच महिन्यांत मजूर, ट्रॅक्टर, कधी जेसीबी जंगलात असतो. समतल चर खणताना दगड उलटेपालटे होतात, पाचोळा निघतो, आणि त्याखालच्या सापसुरळ्यांचा ठावठिकाणा जातो. रोपवनाच्या राखणीसाठी आतली 'निरुपयोगी' झुडपं साफ केली जातात. पाच वर्षांनी फलकावर जगलेल्या रोपांची टक्केवारी लिहिली जाते. गेलेल्या सापसुरळ्यांचा हिशेब कोणत्याच फलकावर नसतो.

काम काढायचंच असेल तर घाणेरी काढा. टणटणी म्हणा हवं तर. मेळघाटापासून तोरणमाळपर्यंत तिनं जंगलाची जमीन व्यापली आहे, आणि तिच्या जाळीखाली ना गवत उगवतं ना पिंगळ्याची नजर पोहोचते. मजुरांना तेवढेच दिवस मिळतील, पैसाही खर्च होईल.

दुसरा मुद्दा वठलेल्या झाडांचा. जुन्या पद्धतीच्या कार्य आयोजनांमध्ये, म्हणजे वनखात्याच्या तोडी-लागवडीच्या आराखड्यांमध्ये, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडायला घेतला की आधी छाप पडतो तो मेलेल्या, वाळलेल्या, पोकळ, रोगट झाडांवर. वनशास्त्राच्या पुस्तकातली ही चांगली सवय आहे, कारण ते झाड लाकूड म्हणून वाढणार नाही आणि शेजारच्या सरळ झाडाची जागा अडवतं. पण ढोली होते ती अशाच झाडात. रानपिंगळ्याची एक ढोली तयार व्हायला सागाला माणसाच्या दोन-तीन पिढ्यांइतकं आयुष्य लागतं, आणि कुऱ्हाडीला अर्धा तास पुरतो. कायदा इथे तोकडा पडतो. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला मारणं सोडाच, त्याचं घरटं मोडणं किंवा अंडी काढणं हेही शिकारीच्या व्याख्येत बसतं. पण ज्या ढोलीत यंदा अंडी नाहीत, जी पुढच्या साली लागणार आहे, तिचं काय? ती फक्त एक पोकळ झाड असते. मार्किंगच्या दिवशी ती पिंगळ्याची आहे हे कुणालाही माहीत नसतं.

म्हणून ज्या कक्षांमध्ये (खात्यानं आखलेल्या जंगलाच्या भागांमध्ये) रानपिंगळ्याची नोंद आहे आणि त्यांना लागून असलेल्या कक्षांमध्येही, एका विशिष्ट घेराच्या पुढची सगळी पोकळ आणि उभी वाळलेली झाडं तोडीतून कायमची वगळावीत. घेर किती धरायचा ते तुमच्या संशोधन शाखेनं ठरवावं. त्यासाठी मोठ्या समितीची गरज नाही, दोन हंगामांची पाहणी पुरे. अशा झाडांवर आकडे टाका, नकाशावर घ्या, आणि पुढची कार्य आयोजना लिहिताना तो नकाशा मूळ कागदपत्रांत जोडा. सरपणाला वाळलं लाकूड लागतं हे मला माहीत आहे. पडलेलं न्यावं, उभं राहू द्यावं, एवढा फरक कोणत्याही गावाला समजतो. त्याबरोबर गावाला गॅसची टाकी परवडेल अशी सोय झाली तर जंगल राखणं सोपं जाईल, पण तो तुमच्या खात्याचा विषय नाही, म्हणून सोडून देतो.

अतिक्रमणाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. शहादा-तळोद्याच्या पायथ्याचं जंगल गेल्या काही दशकांत नांगराखाली गेलं, हे उघड आहे. आमच्या वर्तुळातले पक्षीमित्र त्याचा सगळा दोष आदिवासींवर टाकून मोकळे होतात, आणि ते मला पटत नाही. ठेकेदारांनी आधी सागवान नेलं, मग मोकळ्या झालेल्या जागेवर बिगर-जमिनीच्या माणसानं ज्वारी पेरली. क्रम बहुतेक ठिकाणी असाच होता. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, त्याआधीच्या ताब्याचे दावे निकाली काढा आणि त्यानंतरच्या तोडीला पाठीशी घालू नका. दावे लटकत ठेवले की प्रत्येक उन्हाळ्यात 'यंदा थोडं अजून वाढवून घेऊ' असं होतंच. अनिश्चितता जंगलाला जितकी महाग पडते तितकी नक्की झालेली सीमा पडत नाही.

त्याच कायद्यात सामूहिक वनहक्काची तरतूद आहे आणि ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार आहे. हे फक्त कागदावर नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं नव्वदच्या दशकापासून स्वतः नियम करून शेकडो हेक्टर जंगल उभं केलं. मेळघाटच्या पायथ्याला पायविहीरनं सामूहिक हक्क मिळाल्यावर उजाड झालेलं रान परत आणलं. रानपिंगळ्याच्या पट्ट्यातल्या ग्रामसभांच्या व्यवस्थापन आराखड्यात ढोलीच्या झाडांचं एक पान घालायला कितीसा खर्च येणार? तिथल्या दोन-चार पोरांना पाहणीचं मानधन द्या. घरट्यांची जितकी माहिती ती पोरं आणतील तितकी आम्ही शहरातून दुर्बिणी घेऊन येणारे कधीच आणणार नाही.

मंडळापुढे प्रकल्पांचे प्रस्ताव येतात त्याविषयीही बोलायला हवं. अकोला–खंडवा रेल्वेमार्गाचं रुंदीकरण मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणार होतं, तेव्हा मार्ग बाहेरून न्यावा असा आग्रह राज्यानं धरला. ते योग्यच झालं. वाघासाठी रूळ वळवायला तुम्ही तयार झालात, मग वीतभर घुबडासाठी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? तापी खोऱ्यातले धरण-बंधारे, घाटातले रस्ते, वीजवाहिन्या यांच्या प्रस्तावात बाधित जंगलाची दाटी लिहिलेली असते, आणि ०.२ किंवा ०.३ (म्हणजे २० किंवा ३० टक्के) दिसली की सगळे निर्धास्त होतात. चर्चा लवकर आटोपते. सातपुड्यातल्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर रानपिंगळ्याची स्वतंत्र पाहणी मागा, आणि ती नोव्हेंबर ते मार्च या काळात, सकाळच्या वेळी केलेली असावी अशी अट घाला. पावसाळ्यात दोन दिवस फिरून 'आढळला नाही' लिहिणारे अहवाल परत पाठवा. पानांनी भरलेल्या जंगलात तो आढळणार कसा?

तानसाबद्दल दोन शब्द. २०१४ मध्ये तिथे रानपिंगळा दिसला तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही, कारण सातपुडा सोडून हा पक्षी सह्याद्रीच्या बाजूला, तोही मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाभोवतीचं ते जंगल असल्यामुळे राखलं गेलं आणि त्यात पिंगळाही तगला. याचा एक अर्थ असा की सातपुडा ते ठाणे-पालघर या दरम्यान, नाशिक-डांगच्या डोंगरांत, अजून शोधायच्या जागा असू शकतात. दुसरा अर्थ जास्त गैरसोयीचा आहे. या सगळ्या पट्ट्यात रस्ते आणि वसाहती झपाट्यानं वाढताहेत, आणि शोध लागण्याआधीच जागा संपू शकतात.

तोरणमाळला आणि मुक्ताईनगरकडच्या मुक्ताई-भवानीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. दर्जा मिळाला की फलक लागतो, कधी एखादं निसर्ग पर्यटन केंद्रही उभं राहतं. तोरणमाळच्या आराखड्यात रानपिंगळ्याचं नाव असेल, तर त्यापुढे काय करायचं आणि काय करायचं नाही हेही लिहिलेलं असावं. लागवड नाही. ढोलीचं झाड तोडायचं नाही. जाळरेषा (आग अडवायला आधीच साफ केलेले पट्टे) जानेवारीच्या आत पूर्ण, म्हणजे वणवा वाळल्या झाडांपर्यंत पोहोचणार नाही. वणव्यात पोकळ झाड धुरांड्यासारखं आतून पेटतं आणि दोन-दोन दिवस जळत राहतं. मोहाच्या दिवसांत फिरणाऱ्या कुणालाही हे दृश्य नवीन नाही. मोहाखालची जागा जाळण्याऐवजी झाडून घ्यायची किंवा खाली जाळी अंथरायची सवय लागली, तर आगी कमी होतील. जाळ्या खात्यानं पुरवाव्यात.

आणि आमच्याच लोकांविषयी तक्रार. रानपिंगळा आवाजाला फसतो. मोबाइलवर त्याची शीळ वाजवली की नर तावातावानं समोर येऊन बसतो, त्याला वाटतं हद्दीत दुसरा शिरला. फोटो उत्तम मिळतो. पण विणीच्या दिवसांत एकाच जोडीला सकाळपासून दुपारपर्यंत चार-चार गट येऊन असं चेतवू लागले, तर तो शिकार कधी करणार आणि पिल्लांना भरवणार कधी? प्रवेशद्वारावर वाघाच्या अंतराचे नियम लिहिलेले असतात, त्यातच एक ओळ वाढवा: विणीच्या हंगामात ध्वनिमुद्रण वाजवण्यास मनाई. मोडणाऱ्यांत कुणी मोठा छायाचित्रकार निघाला तरी दंड करा. आमच्यातले काही नाराज होतील, होऊ देत.

हे सगळं मागताना खात्यातल्या माणसांवर मी आगपाखड करत नाही. १९९७ नंतर या पक्ष्याच्या जवळजवळ प्रत्येक नव्या नोंदीमागे कुणीतरी वनरक्षक किंवा वनपाल आहे, ज्यानं अभ्यासकाला बरोबर नेलं, रस्ता दाखवला, मुक्कामाची सोय केली. मेळघाटच्या बीटवरचे काही लोक रानपिंगळा आणि साधा पिंगळा यांतला फरक नुसत्या आवाजावरून सांगतात. त्यांची ही जाण बीटपुरतीच राहते. वरच्या कार्यालयात पोहोचतो तो हेक्टर आणि रोपांचा तक्ता. मंडळानं मागितलं तर वेगळा तक्ताही पोहोचेल.

राज्य मंडळाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात आणि बैठका मोजक्याच होतात, हे मी जाणतो. म्हणून पुढच्या बैठकीसाठी एकच विषय सुचवतो, त्यावर निर्णय झाला तरी पुष्कळ झालं: नंदुरबार, धुळे, जळगाव, अमरावती आणि तानसा परिसरातल्या, रानपिंगळ्याची खात्रीशीर नोंद असलेल्या वनकक्षांना वृक्षलागवड, भरपाई वनीकरण आणि ग्रीन क्रेडिट या तिन्हींसाठी 'उपलब्ध जमीन' या यादीतून वगळावं. बाकीचं सावकाश होऊ शकेल. रोपवनाचं मात्र तसं नाही. एकदा ते वाढलं की ते 'जंगल' म्हणून नोंदलं जातं आणि मग ते विरळ करायला पुन्हा दिल्लीपर्यंत परवानगी लागते.

या पत्रात मी एकाही घरट्याची नेमकी जागा लिहिलेली नाही, ती मुद्दामच. घुबडांवर जादूटोण्यासाठी डोळा असणारे लोक अजून आहेत आणि मघाशी म्हटले ते फोटोवालेही. आमच्याकडे ज्या कक्षांच्या नोंदी आहेत, त्यांची यादी तारखांसह संबंधित उपवनसंरक्षकांच्या हाती द्यायला आम्ही तयार आहोत. कुणाला भेटायचं आणि कधी, तेवढं कळवावं. डिसेंबरच्या आत बोलावलंत तर बरोबर येऊन जागाही दाखवता येतील, कारण त्यानंतर विणीच्या ऐन दिवसांत आम्ही तिकडे जाणं थांबवतो.

आपला,
खानदेशातला एक पक्षीनिरीक्षक